ऑर्कट टेकडीच्या बाजूने

प्रिय डेल्फीन,

(रागावले आहे, तरी प्रियच.)

तुझं पाकीट परवा मिळालं. मोठ्या डोंगरावर स्कीइंग करायचा हंगामभराचा पास, त्यावर माझा फोटो, आणि सोबत तुझी चिठ्ठी: ‘आई, यंदा तरी लिफ्टच्या खुर्चीत बसून आरामात शिखरावर जा. गुडघे दुवा देतील.’ फोटो कुठून काढलास गं? त्यात माझे डोळे अर्धे मिटलेत, पकडलेल्या चोरासारखी दिसतेय मी. पास या पत्रासोबत परत पाठवतेय. वाईट वाटून घेऊ नकोस. किंवा घे थोडं, मलाही वाटलंय. कारण त्याच दिवशीच्या टपालात गावसभेची छापील पुस्तिका आली आणि विषय क्रमांक चौदा मी पत्रपेटीपाशी उभ्याउभ्या वाचला. ऑर्कट टेकडी आणि तिच्या पायथ्याची जागा मोठ्या डोंगराच्या कंपनीला तीस वर्षांसाठी द्यावी का, तिथे कृत्रिम बर्फासाठी पाण्याचं तळं खणायला. खाली बारीक अक्षरात, ‘कंपनीतर्फे माहिती देतील: डेल्फीन थिबो.’ रविवारी आपण फोनवर पाऊण तास बोललो. तुझ्या मांजरीच्या दातदुखीची मला इत्थंभूत माहिती मिळाली. चौदा नंबरबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस.

तुझ्या बाबांना पुस्तिका दाखवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “दोघी माझ्याच आहात. मी आपला स्वयंपाकघरात बसतो. मला यात ओढू नका.” सभेच्या दिवशीचं जेवण यंदा त्यांच्याकडे आहे, त्यामुळे लपायला जागाही आयती मिळाली. दोन दिवस राजमा भिजत घालतायत आणि काढतायत. पण मी काही लपणारी नव्हे, हे तुला माहीत आहे.

तुझा एक समज आहे आणि तो मला आज मोडायचाय. तुला वाटतं, आम्ही ऑर्कटलाच धरून राहिलो कारण आम्हाला दुसरं काही परवडलं नाही, किंवा दुसरं काही ठाऊकच नव्हतं. चूक. मी ती टेकडी निवडली. नवरा निवडताना केला नसेल इतका विचार करून निवडली. लग्न होऊन या गावात आले तो एकोणऐंशीचा हिवाळा. दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर, जो भेटेल तो पहिल्यांदा नाव विचारी आणि दुसऱ्यांदा, “मग, तुमची टेकडी कुठली?” मला उत्तर देता येईना. तुझे बाबा म्हणाले, “माझी ऑर्कट आहे म्हणून माझ्या मागे येऊ नकोस. तिन्ही बघून ये. आपल्याकडे माणसं एक वेळ चर्च बदलतात, टेकडी नाही बदलत.”

म्हणून मी तीन रविवार एकटी फिरले. पहिला मोठ्या डोंगरावर. उतार सुंदर, खोटं कशाला बोलू. खुर्चीत शेजारी एक गृहस्थ होते, पंधरा मिनिटं आम्ही दोघं समोर बघत बसलो. दुपारी डबा उघडला तर एक मुलगी धावत आली, “घरचं खाणाऱ्यांनी तळघरात बसायचं हं.” तळघरात मी आणि ओले बूट. दुसरा रविवार नदीपलीकडच्या टेकडीवर. माणसं चांगली, पण उतार दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. बारा वाजेपर्यंत उन्हाने बर्फ खाल्लेला, आणि तीन वाजता उरलेल्याची काच झालेली. तिथे मी जी आपटी खाल्ली तिची खूण अजून आहे, दाखवणार नाही.

तिसरा रविवार ऑर्कटवर. खुर्ची नाही, काही नाही. जुन्या ट्रकच्या इंजिनावर फिरणारा जाड दोर, तो धरायचा आणि त्याच्या मागे घसरत वर जायचं. मी माझ्या आईने विणलेले लाल लोकरी हातमोजे घालून गेले होते. तिसऱ्या फेरीत दोराने ते पार खाल्ले. मी दोन्ही तळवे लाल आणि मनगटात लोकरीची झालर घेऊन मधेच उभी, आणि खालची सगळी रांग हसतेय. तेव्हा टेकडी चालवणारी आल्मा ऑर्कट पायथ्याच्या शेकोटीच्या खोलीतून ओरडली, “लोकर घालून कुणी दोर धरतं का गं पोरी? गाय बांधायला आलीस की काय?” मग तिने बाकाखालच्या खोक्यातून चिकटपट्ट्या गुंडाळलेले चामड्याचे हातमोजे काढून माझ्या अंगावर फेकले. “पुढच्या रविवारी परत आणून दे. म्हणजे यावंच लागेल.” दुपारपर्यंत अकरा जणांना माझं नाव पाठ झालं होतं आणि कोण कुठे विचित्र वळतं हे मला. घरी येऊन तुझ्या बाबांना म्हटलं, “झालं ठरवून.” त्या दिवशी भांडी त्यांनी घासली.

तू तेरा वर्षांची असताना मोठ्या डोंगरावरची शर्यत जिंकून आलीस. गाडीतून उतरलीस, टेकडीकडे बघितलंस आणि म्हणालीस, “आई, आपली टेकडी किती पिटुकली आहे गं.” बाबांना ते लागलं होतं. मला नाही लागलं. पिटुकली आहेच ती. वरून खाली यायला एक मिनिट लागतं, आणि रमतगमत आलं तर दीड. तू मोठ्या डोंगरावर नोकरीला गेलीस तेव्हाही मी अडवलं नाही. माणसाने आपली टेकडी आपण निवडावी, हे मीच तुला शिकवलं होतं.

आता तुझे मुद्दे. तू ते सभेत मांडशीलच. मला ते आत्तापासून पाठ आहेत, कारण वाद घालायला तू माझ्याकडून शिकलीस. गेल्या हिवाळ्यात दोर एकोणीसच दिवस चालला. खरं आहे. इंजिनाचे भाग आता मिळत नाहीत, तुझे बाबा ते घरी घासून बनवतात, आणि त्यांचा खुबा बदललाय. तेही खरं. दोर चालवायला उभं राहणाऱ्यांत साठीच्या आतली दोघंच. खरं, खरं, खरं. पण गुरुवारी दुपारी शाळेची बस येते ना, अजूनही येते. अख्खी शाळा, बेचाळीस पोरं. त्यातली अर्धीअधिक अशी, की त्यांचे आईबाप तुझ्या डोंगरावर भांडी धुतात, चादरी बदलतात, गाड्या लावायला जागा दाखवतात, आणि त्या डोंगरावरून एकदाही खाली घसरलेले नाहीत. त्यांची पोरं मात्र गुरुवारी घसरतात. तू एक पास मला पाठवलास. त्या बेचाळीस जणांना कोण पाठवणार आहे? तळ्याच्या काठी उभी राहून ती काय करतील, पाणी बघतील?

तू मागे एकदा म्हणाली होतीस, “आई, तू त्या टेकडीवर अडकून पडलीयेस.” हो, पडलीये. माझ्या पायांनी गेले, माझ्या हातांनी दोर धरला आणि अडकले. अडुसष्टाव्या वर्षी मला कुणी सोडवायला यायची गरज नाही, पोटच्या पोरीनेसुद्धा.

आता ज्यासाठी खरं तर कागद घेऊन बसले ते सांगते. काल आल्माचा क्लेटन आला होता. बूटही न काढता खुर्चीत बसला आणि म्हणाला, “ग्वेन, सोप्पं आहे. तुझी डेल्फीन आता या गावची मतदार नाही. बाहेरच्या माणसाला सभेत बोलायचं तर जमलेल्या दर तिघांतल्या दोघांची परवानगी लागते. मी घरोघरी फिरून आलोय. परवानगी मिळत नाही. ती बोललीच नाही तर चौदा नंबर पाच मिनिटांत आडवा. तू फक्त हातोडा आपट.” आणि डेल्फीन, त्याचं बरोबर आहे. सतरा वर्षं मी त्या सभेची अध्यक्ष आहे, तो नियम मीच काटेकोर पाळलाय. तीस उन्हाळे इथे काढलेल्या त्या बोस्टनच्या वकिलालाही मी खाली बसवलं होतं. तू तेव्हा पहिल्या रांगेत बसून गालातल्या गालात हसत होतीस. हात वर करून मोजायचं, हातोडा आपटायचा, टेकडी वाचली. मोह झाला, लपवत नाही. मग त्याला म्हटलं, “ती याच गावात जन्मलीये. तिने पहिलं पाऊल टाकलं ते तुझ्या आईच्या शेकोटीच्या खोलीत. तिचं तोंड बंद करून वाचवलेल्या टेकडीवर मी कुठल्या तोंडाने जाऊ? ऊठ, आणि जाताना फरशी पूस.” त्याने पुसली. पण तो ऐकणार नाही, हेही मला कळलं.

म्हणून आधीच कळवतेय, म्हणजे मार्चच्या पहिल्या मंगळवारी तू गोंधळायची नाहीस. चौदा नंबर पुकारला की मी हातोडा दुसऱ्याच्या हातात देऊन खाली येणार आहे. सतरा वर्षांत मी एकाही विषयावर मत दिलेलं नाही, हा पहिला. मी तुला मिठी मारायला येतेय असं समजून उठू नकोस. मी बाकावर बसेन, आणि तुला बोलू द्यावं का असं विचारलं की पहिला हात माझा वर जाईल, आणि मी मागे वळून एकेकाच्या डोळ्यांत बघत तो वरच ठेवीन. बघू, माझ्या देखत किती जण आपले हात मांडीवर ठेवतात. तुला परवानगी मिळेल. मग तू बोल. कंपनीच्या भाषेत नको, आपल्या भाषेत बोल, आणि जरा मोठ्याने, मागच्या रांगेला ऐकू येत नाही. तुझं सगळं सांगून झालं, की मी उभी राहीन आणि तुझा एकेक मुद्दा खोडून काढीन. दयामाया दाखवणार नाही. तूही दाखवू नकोस. मी हरले तर बाबांची ती राजम्याची चिली गिळून घरी येईन. पण मला हरायचं नाहीये, पोरी. मला तुला हरवायचंय, आणि तू पूर्ण बोलून झाल्यावरच हरवायचंय.

तुझीच, आणि तितकीच ऑर्कट टेकडीची,
आई