मी फेकलेल्या सुया

मंगळवार, संध्याकाळ. अंबरनाथ पश्चिम.

आठ दिवसांनी वही उघडतोय, माफी असावी. मन थाऱ्यावर नव्हतं.

आमचा मुलगा रमेश नशेची सुई टोचतो. अशा मुलांचा अभ्यास करणाऱ्या ताईंनी, दुसऱ्याच्या सुईतून रोग लागू नये म्हणून, त्याला नव्या सुया दिल्या होत्या. मला वाटलं, या बाई नशेलाच हातभार लावतात. मी सुया फेकल्या. काल त्यानं मित्राची वापरलेली सुई घेतली.

आज ताईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं.

"काका, वेळेत बोललात. लगेच औषध सुरू झालं तर एचआयव्ही टळू शकतो."

रमेश म्हणाला, "चला ताई, नाहीतर घाबरून बाबाच माझ्याआधी वर जातील."

एवढी शिकलेली बाई, स्वतः रिक्षातून त्याला उल्हासनगरच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी फेकल्याच का त्या सुया?

रमेश, औषध मिळालं का, तेवढं लवकर कळव रे.