पूरग्रस्त महिला आणि इतर उपक्रम

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुमच्या शोकसभेला मी आले नव्हते. त्या दिवशी मला सुट्टी होती, तरी आले नाही. कॉलेजची जुनी मुलं भेटली की अजून म्हणतात, सरांनी किती पोरं घडवली. मी ऐकून घेते. तुमचा हात पाठीवर पडला की पोरगं घडायचं, हे खरंच आहे. पण तो हात कुणाच्या पाठीवर पडायचा, हे मी तीन वर्षं मागच्या बाकावरून बघितलेलं आहे. डॉक्टरांची मुलगी, वकिलांचा मुलगा, कोल्हापूर शहरात राहणारी, स्वतःच्या गाडीवर येणारी. स्नेहसंमेलन त्यांचं, वक्तृत्व त्यांचं, शिबिरं त्यांची. आम्ही खेड्यावरची पोरं टाळ्या वाजवायला होतो, आणि त्याही बस निघेपर्यंतच.

पहिल्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते, तुम्हाला आठवत नसणारच. स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या हॉलमध्ये तुम्ही खुर्चीवर पाय पसरून बसलेले, भोवती तुमची लाडकी मंडळी. मी म्हटलं, "सर, मला सूत्रसंचालन करायचंय." तुम्ही विचारलं, "कुठली गं तू?" मी नृसिंहवाडीच्या अलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. "आणि जातेस कितीच्या गाडीनं?" "साडेपाचच्या, सर." तुम्ही हसलात. म्हणालात, "एस.टी.नं येणारी पोरं म्हणजे पावणं. पावण्यानं जेवावं आणि वाटेला लागावं. घर सजवायचं काम घरच्यांचं." सगळे हसले. तुमच्या विनोदाला हसायची तिथं पद्धतच होती. मी पण हसले, कारण चेहऱ्याचं दुसरं काय करावं ते कळेना.

मग पूर आला. आमच्या घरात कृष्णेचं पाणी माळ्यापर्यंत चढलं. म्हशी आधीच उंचावर नेऊन बांधलेल्या, आणि आम्ही जयसिंगपूरच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात, आणखी चार घरांबरोबर. बाबा दिवसभर खिडकीशी उभे असायचे. आई कुणाशी बोलत नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीप येते, जीपला बॅनर, आणि आतून तुम्ही उतरता. मागोमाग पांढऱ्या टोप्या घातलेली आपल्या कॉलेजची मुलं. खोटं कशाला बोलू, तुम्हाला बघून मला इतका आनंद झाला की मी पळतच आले. वाटलं, आपलं माणूस आलं. तुम्ही म्हणालात, "अगं, तू आपल्या कॉलेजची की! बरं झालं, बरं झालं." मग मला धरून फळ्यापुढे उभं केलंत. डॉक्टरांच्या मुलीच्या हातात बिस्किटांचे पुडे दिलेत. "हात पुढं कर. अगं, दोन्ही हात कर. आणि हसतेस काय? जरा पडलेला चेहरा ठेव की." फोटो नीट आला नाही म्हणून मी पुडा परत दिला आणि पुन्हा घेतला. तिसऱ्या वेळी चेहरा आपोआप पडला. तुम्ही म्हणालात, "हां, आता कसं!"

जाताना तुम्ही बाबांशी एक शब्द बोलला नाहीत. घरातलं काय वाचलं, तेही विचारलं नाहीत. जीप वळून फाटकाबाहेर गेली तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "ह्ये तुजं सर व्हय?" मी म्हटलं, "न्हाय, दुसऱ्या वर्गाचं हायत."

वार्षिक अंकात तो फोटो पानभर छापला. डॉक्टरांच्या मुलीचं संपूर्ण नाव, आणि माझ्याखाली 'एक पूरग्रस्त महिला'. मी एकोणीस वर्षांची होते, सर, आणि तुमच्या हजेरीपटावर माझं नाव होतं. तिला पूरसेवेचं प्रमाणपत्र मिळालं. मला बिस्किटं.

हे सगळं आता उकरायचं कारण ऐका. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी उत्पादन-नियोजन बघते. वरच्या जागेसाठी व्यवस्थापनाची पदवी लागते म्हणून पुण्यातल्या एका संस्थेत शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचं ठरवलं. अर्जात एक रकाना होता: अभ्यासाव्यतिरिक्तचे उपक्रम. माझ्याकडं तिथं लिहायला काही नव्हतं. म्हणून राजारामपुरीत अर्ज तयार करून देणाऱ्या एकाकडं गेले. पोरगेला माणूस, केसांना जेल, तुमच्याच वाणाचा. माझा कागद बघून म्हणाला, "मॅडम, प्रोफाइल लई हलकं हाय. पुरात काय काम केलासा का? कोल्हापूरचं सगळेजण पूर टाकत्यात."

"पुरात आमचं घर होतं," मी म्हटलं.

"तसं न्हवं. मदतकार्यात कुठं फोटो-बिटो?"

मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी मोबाइलमधला अंकातला फोटो दाखवला. त्यानं दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि खूश झाला. "झालं की मग! खालची ओळ कापून टाकू. स्वयंसेविका म्हणून लावू."

"अहो, मी पुडा घेतेय त्यात."

"कोण देतंय, कोण घेतंय, कोण बघतंय, मॅडम? पुडा दोघींच्या हातात हाय न्हवं?"

तुम्हाला तो फार आवडला असता, सर. मी उठले आणि चप्पल घालून बाहेर पडले. घरी येऊन रकान्यात दोन ओळी लिहिल्या. कॉलेजात असताना मी कुठल्याही कार्यक्रमात भाग घेतलेला नाही, कारण गावची शेवटची बस लवकर होती. नोकरीत असताना दुसऱ्या पाळीच्या बायकांसाठी कारखान्याची बस सुरू करून घेतली. बस्स.

मुलाखतीला तिघं होते. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी तो रकाना वाचून भुवया उंचावल्या. तीच तुमची भुवई. "बाकी मुलं दोन-दोन पानं भरून आणतात," ते म्हणाले. "तुमचं इतकंच?"

"इतकंच."

शेजारच्या बाईंनी बसचं विचारलं. मी सांगितलं. हातकणंगले भागातल्या मुली दुसऱ्या पाळीला टिकत नव्हत्या. घरचे म्हणायचे, रात्रीचं पोरीला कुठं शोधत बसू? मग मी रविवारी त्यांच्या घरी जायला लागले. एका बापानं दारातूनच परत पाठवलं, एका आजीनं मला शिव्या घातल्या आणि मग चहा दिला. मॅनेजरसाहेबांनी वर्षभर टोलवलं. शेवटी मुली कमी पडल्या आणि ऑर्डर अडकली, तेव्हा बस मिळाली. पहिले काही महिने मी स्वतः त्या बसनं जायची, म्हणजे घरच्यांना दिसावं. बाई म्हणाल्या, "मग या उपक्रमाला काही नाव का दिलं नाहीत?" मी म्हटलं, "नाव कशाला? बस आहे ती." गृहस्थांनी पुढचा कागद ओढला. त्यांना ते पटलं असं मला वाटत नाही, आणि पटवायची मला हौसही नव्हती.

प्रवेश मिळाला, सर. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू होतील.

हे मी कुणाला पाठवणार नाही. तुमचा मुलगा ताराबाई पार्कात राहतो, घर मला माहीत आहे, पण त्या बिचाऱ्याला कशाला त्रास. आणि एक गोष्ट यात आहे, ती कुणी वाचू नये असं वाटतं. निकाल कळला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होते. आईला फोन लावायच्या आधी, गेलेल्या बाबांची आठवण यायच्याही आधी, डोळ्यांपुढे तुम्ही आलात. मला वाटलं होतं, तुमचं तोंड पडलेलं बघावं असं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तुम्ही मला शाब्बास म्हणावंत, एवढंच वाटलं.