चंपीचा कडू घास

मुकुंदवाडी, सोमवार, दिवेलागणीला

आज मी लई खूश हाय. मोत्या कुत्रा गेला तवापासून त्याची जोडीदारीण चंपी चार दिस उपाशी. दूध नको, अंडं नको. चार दिस! मंग सुचलं, मयताच्या घरी शेजारी भाकर आणून कडू घास खाऊ घालतेत, हिला कुणी घातला? आधी का नाय सुचलं मला?

शेजारच्या शेवंताला सांगितलं. माझी सून हसली, "आत्याबाई, कुत्रीला दुखवटा?"

शेवंता डोईवर पदर घेऊन पिठलं-भाकर घेऊन आली, चंपीपुढं बसली. "खाय माय, जाणारा गेला. तू जिवाला जप," म्हणली आन् खरंच रडायला लागली. चंपीनं तिच्याकडं बघितलं, अख्खी भाकर खाल्ली, मंग तिचे गाल चाटले. चंपी निवांत झोपली. शेवंताच गप बसंना, तिला मी चहा पाजला.