फुल्यांची रांग आणि कमळाकरचं मोठं मन

खोपोली,
नोव्हेंबर १९८८

कळंब मुक्कामी आमचे वडील मेहुणे दामूअण्णा यांस बुधाजीचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? भात झोडून झालं असेल. इकडे तुमच्या बहिणीची, चंद्रभागेची तब्येत उत्तम आहे, जीभ त्याहून उत्तम.

लिहिण्याचं कारण तुमचा धाकटा मेहुणा, म्हणजे माझा साडू कमळाकर. (त्याला धाकटी बहीण तुम्हीच दिलीत, म्हणून तक्रारही तुमच्याकडेच.) कारखान्यात कॉम्प्युटर आल्यापासून तो गार हवेच्या खोलीत बसतो आणि मी पत्र्याखाली टाइपरायटर बडवत घाम गाळतो. घरी चंद्रभागा ऊठसूट 'कमळाकरभावजी' जपत असते. माझा जळफळाट होतो, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

तर गेल्या शनिवारी मुंबईचे साहेब ते मशीन पाहायला आले. टाइप करायला हात हवा म्हणून कमळाकरने मला बोलावलं. (त्या खोलीत बूट काढून जावं लागतं. माझ्या मोज्याचं भोक सर्वांनी पाहिलं.) मी धाकलू नावाच्या कामगाराचं नाव इंग्रजीत टाइप केलं, उरलेल्या जागेत सवयीने फुल्यांची, म्हणजे एक्स या अक्षराची, रांग मारली आणि शेवटी तिरपी रेघ ओढली. मागाहून कोणी लबाडीने काही घुसडू नये म्हणून आम्ही टायपिस्ट लोक मोकळी जागा अशीच बंद करतो. मशीन जे गप्प झालं ते झालंच. साहेबांचा चहा आला, निवला, दुसरा आला. अखेर वीज बंद करावी लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चेहरा मात्र मयताला गेल्यासारखा ठेवला.

कारण कमळाकरने नंतर शोधून काढलं. नावात फक्त अक्षरंच आहेत ना, हे तपासणारा प्रोग्रामचा भाग त्याने पुण्याच्या एका कंपनीकडून तयार आणला होता, आपण दुकानातून मसाला आणतो तसा. (आत काय कुटलंय ते कोण बघतो?) तो भाग अक्षरांच्या राशी, म्हणजे लहानमोठे गट, पाडत जातो. शेवटी नको ती रेघ भेटली की सरळ 'नाही' म्हणायचं सोडून सगळ्या राशी मोडतो, वेगळ्या पाडतो आणि पुन्हा त्याच रेघेशी येऊन अडतो. एक फुली वाढली की राशी पाडायच्या तऱ्हा दुप्पट. म्हणजे कोणी वैऱ्याने मुद्दाम एवढंच टाइप केलं, तरी कारखान्याचं काम ठप्प.

एवढं झाल्यावर माणसाने माझ्यावर चिडावं की नाही? तर हा पठ्ठ्या साहेबांना म्हणतो, "सायेब, ही खोट आमच्या बुधाजीदादांनी पकडली. शाबासकी त्यांना द्या." साहेबांनी माझा हात हातात घेतला. घरी चंद्रभागा म्हणाली, "भावजींचं मन किती मोठं हाय! तुमी बी शिका जरा." आता सांगा अण्णा, गार हवा त्याची, मशीन त्याचं, वर मनही त्याचंच मोठं. माणसाने जळायचं तरी कशाच्या आधाराने?

वहिनींना जय भीम सांगा, पोरांच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमचा,
बुधाजी

ता. क. – पत्र टपालात टाकायचं राहिलं, तोवर पुण्याहून दुरुस्ती आली. काल कमळाकर जेवायला गेला असताना मी त्या खोलीत शिरलो. (फक्त गार हवा खायला.) त्या शहाण्यांनी नुसत्या फुल्या बंद केल्यात! मी ओ या अक्षराची रांग मारली, शेवटी रेघ ओढली, मशीन पुन्हा बसलं. बटण बंद करून चालू केलं आणि लाइट गेली होती असं सांगितलं. (ज्या गावात वीज तयार होते, तिथलीच ती आधी जाते, हे कोणालाही पटतं.)

ता. क. दुसरा – सोमवारी साहेब पुन्हा येणार आहेत. कमळाकरला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच दिवशी ठरणार. माझ्या तोंडून त्याला सांगणं काही होत नाही. तेव्हा अण्णा, पत्र मिळताच भाताचं काम टाकून खोपोलीला या आणि त्याला सांगा, की दुरुस्ती कच्ची आहे, कुठल्याही अक्षराची रांग टाकली तरी मशीन बसतं. (तुम्हाला कसं कळलं विचारलं, तर स्वप्नात दिसलं म्हणा.) फक्त माझं नाव घेऊ नका. घेतलंत, तर तो साहेबांपुढे पुन्हा मलाच उभं करील, त्याचं मन आणखी मोठं ठरेल, आणि मग मला ह्या घरात राहता यायचं नाही.