झेंडा उतरवायला माणूस पाहिजे

अंबरनाथ पश्चिम
नोव्हेंबर २००४

आदरणीय सुदाममामा यांस,

विक्रांतचा सविनय जय भीम.

पत्राला उशीर झाला. उशीर झाला म्हणजे काय, मीच केला. मागच्या महिन्यात लिहायला बसलो तर पेन उठेना. नवीन पेन आणायला स्टेशनकडे गेलो, तिथं एक ओळखीचा भेटला, तो उल्हासनगरला निघालेला, मग मीही गेलो आणि पेन राहिलं. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा पेन होतं पण लाइट गेले. तिसऱ्यांदा लाइट होते, पेन होतं, फक्त मी नव्हतो. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. नाव तुम्हीच ठेवलंत, युद्धनौकेवरून, आणि मी एका बंदराला टिकलो नाही. (वांगणी काही लांब नाही, येऊन तोंडी सांगता आलं असतं. पण तुमच्याकडे आलं की मामी जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि मला हल्ली सूर्य मावळायच्या आत घरी यावं लागतं. कोंबड्यांसारखं. कारण खाली येईलच.)

तुमची तब्येत कशी आहे? मामीचा गुडघा काय म्हणतो? बोअरला पाणी टिकून आहे ना? मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण खरं सांगतो, दमलोय. काम करून दमलो असतो तर सांगताना बरं तरी वाटलं असतं. फ्लॅट व्यवस्थित आहे. मोरीतला नळ गळतो तो गळतोच. एकच बदल केलाय, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यातले तुमचे स्वेटर खाली आणलेत. वरच्या कप्प्यात आता राष्ट्रध्वज असतो. घाबरू नका, चोरलेला नाही. सोसायटीनं दिलाय, आणि परत घ्यायला कोणी तयार नाही.

झालं असं. तुम्ही वांगणीला गेल्यावर शुभांगण सोसायटीचे चेअरमन म्हणून विष्णुपंत निवडून आले. (तळमजल्यावरचे. तुमच्याच ऑर्डनन्स फॅक्टरीत ऑफिसर होते. तुम्हाला जिन्यात ‘सुदामराव’ म्हणायचे, पण चहाला कधी बोलवायचे नाहीत, ते.) यंदा कोर्टानं सांगितलं ना, की साध्या नागरिकालाही बारा महिने झेंडा लावायचा हक्क आहे. ते विष्णुपंतांनी पेपरात वाचलं आणि नोटीस बोर्डावर चिकटवलं. हक्क आहे म्हटल्यावर बजावलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. (पाण्याचाही हक्क आहे, पण तो आपल्याकडे दिवसाआड बजावतात.) मग कंपाउंडात पाइप उभा केला, वर कप्पी बसवली, खादी भांडारातून रीतसर झेंडा आणला आणि पंधरा ऑगस्टला सगळी सोसायटी खाली उतरली. विष्णुपंतांनी दोरी ओढली. तिसऱ्या मजल्यावरच्या हिंदुरावांनी (नगरपालिकेत असतात, आवाज तुम्हाला आठवत असेल) घोषणा दिल्या. भाषण झालं, फोटो झाला, जिलबी झाली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी पाचच्या सुमारास विष्णुपंतांना आठवलं की नियमात सूर्योदय ते सूर्यास्त असं लिहिलंय. म्हणजे हा उतरवायचा पण असतो. चढवायचा विचार सहा महिने चालला होता. उतरवायचा कोणीच केला नव्हता.

आणि मामा, आपल्या अंबरनाथमध्ये सूर्यास्ताला घरी असतं कोण? सगळे पुरुष आणि निम्म्या बायका मुंबईला. अंधारात जातात, अंधारात येतात, मधला सूर्य त्यांनी फक्त रविवारी बघितलेला, तोही झोपेतून उठून. विष्णुपंत घरी असतात, पण संध्याकाळी ते पूर्वेला शंकराच्या देवळात जातात आणि म्हणतात, देवाची वेळ मला बदलता येत नाही. घरात असलेल्या बायकांना विचारलं, तर पहिल्या मजल्यावरच्या शीलाताईंनी (शाळेत शिकवतात, कुणाला भीत नाहीत) सरळ सांगितलं, “साडेपाच ते सात नळाला पाणी असतं. देशाला म्हणावं पाण्याची वेळ बदल, लगेच येते.” वॉचमन रात्री आठला येतो. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर आल्या. मी तेव्हा उरलेली जिलबी खात होतो.

विष्णुपंतांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला (पहिल्यांदाच) आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “या देशाचं संविधान ज्यांनी लिहिलं, त्या बाबासाहेबांच्या समाजातला हा मुलगा. हा मान त्याचाच.” टाळ्या पडल्या. मामा, मान मिळाला की नाही म्हणता येत नाही, आणि आपल्याला तो इतका क्वचित मिळतो की हातात घेऊन उलटून बघायची सवयच नाही. मी छाती पुढे काढून हो म्हटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की फोटो काढायचा होता तेव्हा ह्यांना समाज आठवला नव्हता, काम निघालं तेव्हा आठवला. पण तोपर्यंत झेंडा कपाटात गेला होता.

पहिले काही दिवस सकाळी चढवायचं विष्णुपंत करायचे. मग त्यांना सर्दी झाली. सर्दी गेली तरी ते गॅलरीतच राहिले. “तू चढव, मी इथून सॅल्यूट करतो.” म्हणजे मी, ज्यानं उभ्या जन्मात सूर्य उगवताना पाहिला नव्हता, तो रोज पहाटे उठून डोळे चोळत दोरी ओढतो आणि गॅलरीतून एक मफलर सॅल्यूट करतो. पावसात तर विचारू नका. खादी भिजली की घोंगडी होते. ओला झेंडा दोरीवर वाळत घालावा तर शेजारी माझी बनियन, तो अपमान. जमिनीवर पसरावा तर तोही अपमान. पंख्याखाली धरून बसावं तर लोडशेडिंग. शेवटी मी तुमच्या पलंगावर झेंडा पसरायचो आणि स्वतः खाली चटईवर झोपायचो. ओल्या खादीचा वास येत राहायचा. देशासाठी लोकांनी काय काय केलंय, त्या मानानं चटई काहीच नाही, हे मान्य. पण ते लोक एकदाच करून मोकळे झाले. माझं रोजचं आहे.

घडी घालायला दोन माणसं लागतात, हेही मला आधी माहीत नव्हतं. दुसरं टोक माई धरतात. माई म्हणजे विष्णुपंतांच्या मिसेस. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून दोरी ओढता येत नाही, पण खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून टोक बरोबर धरतात. भगवा आत, हिरवा आत, मध्ये पांढरा. एकदा म्हणाल्या, “ह्यांनी जन्मात स्वतःची पँट घडी केली नाही रे विक्रांत. देशाची काय करणार?” आमच्या दोघांचं बरं जमतं. दिवसभरात तेवढीच पाच मिनिटं बरी जातात, बाकी दिवस त्या दोरीकडे बघण्यात.

आता मुद्द्यावर येतो. (येत होतोच.) उल्हासनगरला फर्निचरवाले गोपीचंद शेठ आहेत (फाळणीत सिंधहून आलेले), त्यांच्या टेम्पोवर मला हेल्पर म्हणून घेतायत. माल घेऊन कोल्हापूर, बेळगाव, गोवा, कधी हुबळी. मामा, आजवर मी भटकलो म्हणून शिव्या खाल्ल्या, आता भटकण्याचा पगार मिळणार. असली नोकरी या जगात आहे हेच मला माहीत नव्हतं. मी आजवर बऱ्याच नोकऱ्या सोडल्या, पण धरावीशी वाटलेली ही पहिली. सोमवारी सकाळी गाडी निघते. मी नसलो तर दुसरा पोरगा तयारच आहे. शेठनं विचारलं, सोमवार पुढे ढकलायला एवढी घासाघीस का करतोस, तेव्हा मी झेंड्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “साईं, हम इधर कैंप में उतरे तब मैं इत्ता-सा था। अम्मा से पूछा, अपना देस कौन-सा? अम्मा बोली, जिधर रात को कोई उठा के भगाएगा नहीं, वो अपना।” आणि मग सोफ्याचा पाय बसवायला लागले. मी विचार करत बसलो, त्यात दालपकवान मागवलं, ते खाल्लं, आणि बाहेर आलो तर अंधार.

धावत पळत आलो. कंपाउंडात सगळी सोसायटी जमलेली. झेंडा वर, माणसं खाली, आणि जोरात चर्चा चाललेली की ध्वजाचा अवमान झाला तो नेमका किती वाजता. मी गेटाच्या मागे उभा राहून ऐकत होतो. (पुढे जायची हिंमत नव्हती.) हिंदुराव गरजत होते, “गुन्हा आहे हा! आत जाईल पोरगा!” शीलाताई कळशी कमरेवर घेऊन म्हणाल्या, “मग उतरवा ना तुम्ही. दोरी काय चावतेय?” हिंदुराव म्हणाले, “मी साक्षीदार आहे. साक्षीदारानं हात लावायचा नसतो.” विष्णुपंत म्हणाले, ज्याची जबाबदारी त्यानंच पार पाडावी, हे तत्त्व आहे. खिडकीतून माईंचा आवाज आला, “अहो, सकाळी सॅल्यूट करणारा हात कुठं ठेवलात?” विष्णुपंतांनी तो खिशात घातला. पाऊण तास ही मंडळी त्या पाइपाभोवती उभी होती आणि एकानंही दोरीला हात लावला नाही. तेव्हा मला उलगडलं. ते मला शिक्षा करायला थांबले नव्हते. आज जो दोरीला हात लावेल त्याच्या गळ्यात उद्यापासून कायमची पडेल, हे प्रत्येकाला कळत होतं. मी पुढे झालो, झेंडा उतरवला, आणि सगळ्यांनी मिळून असा सुस्कारा सोडला की जणू स्वातंत्र्य आत्ताच मिळालं.

तिथल्या तिथं मी सोमवारचं सांगितलं. म्हटलं, रोज जमत नसेल तर फक्त सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला लावू, मनापासून लावू. पटलं सगळ्यांना, चेहऱ्यांवर दिसत होतं. पण ठरावावर पहिली सही कोण करणार? झेंडा काढा असं लिहून खाली स्वतःचं नाव कोण घालणार? हिंदुराव म्हणाले, “आधी बदली माणूस दे, मग कुठं जायचंय तिथं जा. नाहीतर तुझ्या नावानं पोलिसांत अर्ज टाकतो.” पूर्वीचा मी असतो तर पहाटेच्या गाडीनं पसार झालो असतो. न सांगता निघून जाण्यात माझा हातखंडा आहे. पण मामा, ह्या वेळी जमत नाही. अर्जाची भीती आहेच. पण मी गेलो तर तो अंधारात एकटा फडफडत राहील आणि खिडकीत हात बाहेर काढून माई बसलेल्या असतील, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. ह्याला देशप्रेम म्हणतात का, मला ठाऊक नाही. तुम्ही आयुष्यभर फॅक्टरीत सैन्यासाठी पितळ ओतलंत, घरात कधी झेंडा नव्हता, आणि कोणी विचारलंही नाही. तुम्हीच सांगा.

असो. मला काही मागायचं नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. मामीला नमस्कार.

आपला भाचा,
विक्रांत

ता. क. बऱ्याच दिवसांत तुम्ही तुमच्या स्वतःच्या फ्लॅटवर आला नाहीत. हवापालट होईल. थंडीत इथं फार छान असतं, विशेषतः सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला. रविवारपर्यंत आलात तर उत्तम. दोरी हलकी आहे.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. तुम्ही येताय असं मी कमिटीला सांगून टाकलंय. विष्णुपंत म्हणाले, सुदामराव म्हणजे शिस्तीचा माणूस, हा मान त्यांचाच. ठराव एकमतानं पास झाला, सोसायटीत पहिल्यांदाच. ते तुम्हाला चहालाही बोलवणार आहेत.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दारावर थाप पडली. उघडतो तर मामी! दोन पिशव्या, वळकटी आणि मिक्सर. (मिक्सर आणलाय म्हणजे मुक्काम मोठा दिसतो.) काय झालं विचारलं तर म्हणाली, “तुझ्या मामाला विचार.” म्हणून विचारतो. पाणी पिता पिता तिनं गॅलरीतून बघितलं आणि म्हणाली, “दिवेलागण झाली, तो झेंडा अजून वर काय करतोय? कोण बेअक्कल राहतं इथं?” पत्राच्या नादात मी आजही विसरलो होतो. मला चपला सापडेपर्यंत गुडघ्याची तक्रार करत ती खाली पोचलीसुद्धा. आत्ता गॅलरीतून लिहितोय. प्रत्येक खिडकीत डोकी आहेत. हिंदुरावांनी हात जोडलेत. मामीनं दोरी सोडवली, झेंडा खाली घेतला, आणि गजांतून माईंचा हात बाहेर आलाय. दोघी काहीतरी बोलून हसतायत. मला अजून तिला काही सांगायचा धीर झालेला नाही.

तेव्हा मामा, तुम्ही यायची घाई करू नका. आणि आलातच, तर तिला न्यायला येऊ नका.