कुत्र्याची गाठ आणि तुझी

आये,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, आणि चारचौघांत मी तसंच बोलते. पण घरात एकटी असले, भाजी निवडत असले, की तुझ्याशी भांडण सुरू होतं आणि दर वेळी ते त्या कुत्र्यापाशी येऊन अडतं. त्याच्या कातडीखालची गाठ तुला सापडली, तू ती कापवून घेतलीस आणि तो जगला. स्वतःच्या छातीतली गाठ मात्र तू लपवलीस आणि गेलीस. झालं ते एवढंच, आणि ते मला अजून समजलेलं नाही. तुला अक्षरओळख नव्हती. जिवंत असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि अर्ध्यावरच तू म्हणाली असतीस, "पुरे गो, चुलीवर काय ठेवलंस का नाय?"

बाबा भातगिरणीत कामाला होते, तिथूनच ते तांबडं पिल्लू घरी आलं. कुत्रं घरात नको म्हणून तू दोन दिवस बाबांशी बोलली नाहीस. मग येता-जाता त्याला "मेल्या" म्हणू लागलीस, आणि ते आपलं नावच आहे असं समजून तो शेपूट हलवत यायला लागला. आम्ही हाक मारली तर ढुंकून बघत नसे. ती संध्याकाळ मला आत्ताही दिसते. मागच्या पायरीवर तू खाडीतले निवट्या मासे साफ करून उठली आहेस, हात धुतले आहेत, आणि मेल्याला मांडीशी ओढून त्याच्या गोचिड्या काढते आहेस. करवंटीत रॉकेल घेतलं आहेस आणि एकेक गोचीड त्यात टाकते आहेस. जर्मनची लढाई संपली तरी रॉकेल रेशनवरच मिळतं आहे, घरात एका चिमणीवर सगळे काम उरकतो आहोत, आणि तू ते गोचिड्यांना पाजते आहेस! मी ओरडते. तू वर न बघता म्हणतेस, "त्याचं रगत पितान ती. तुजं कोन पितंय?" आणि मग त्याच्या पुढच्या पायाच्या काखेत तुझी बोटं थांबतात.

"हिकरं ये. हात लाव."

वालाच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. मी म्हटलं, गोचीडच असेल. तू म्हणालीस, "गोचीड वरती असते. ही आत हाय. आनी हलत नाय." मग तू ती पुन्हा चाचपलीस, पुन्हा, पुन्हा. मला वाटलं, बाईला आता दुसरा उद्योग नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका कोयता तापवून हजर. गाठ म्हटली की डाग द्यायचा, वासराला देतात, पोट फुगलं तर तान्ह्या पोरालाही देतात, मग कुत्र्याची काय कथा. बाबांनी मान डोलावली. तू दारात आडवी उभी राहिलीस. "माज्या कुत्र्याला डाग द्यायचा तर आदी मला द्या," म्हणालीस. काका बिचारे कोयता पाण्यात विझवून चहा पिऊन गेले. आणि सकाळी तू मेल्याच्या गळ्यात काथ्याची दोरी बांधून, मला बरोबर घेऊन गुरांच्या दवाखान्यात निघालीस. आपण कोणाच्या लग्नालाही इतक्या लगबगीने गेलो नव्हतो.

तिथे सगळे बैलवाले. मी लाजेने अर्धी झाले होते. सोळा वर्षांची मुलगी, आणि आई कुत्रं घेऊन बैलांच्या रांगेत उभी! एक गाडीवान म्हणाला, "काय वहिनी, दूद देतो काय हा?" तू म्हणालीस, "तुमचा बैल देतो काय?" सगळे हसले आणि आपल्याला पुढे सोडलं. डॉक्टरांनी गाठ दाबून बघितली आणि कापावी लागेल म्हणाले. इथे तू जे विचारलंस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"रावू दिली तर?"

"वाढेल. मग आत पसरेल. एकदा पसरली की माझ्या हातात काही नाही."

"आनी आताच कापली तर?"

"तर वाचेल, बाई."

तू मान हलवलीस. लुगड्याची चिंधी फाडून त्याचं तोंड बांधलंस, डोकं मांडीत घट्ट धरलंस. मी मागचे पाय धरले होते आणि डोळे मिटले होते. तू मिटले नव्हतेस.

मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की तुझी गाठ किमान दोन वर्षांची असली पाहिजे. मी हिशेब केला. म्हणजे त्या दवाखान्यात बसलीस तेव्हा ती होती! त्या पायरीवर मेल्याची गाठ चाचपत होतीस तेव्हाही होती. हलत नाही ती वाईट, हे तुला कुत्र्यावरून कळलं नव्हतं. तू तिथे दोन जिवांचं विचारून घेतलंस, उत्तरही मिळालं, आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसलीस. सांग, याला काय म्हणायचं? वेडी असतीस तर मी सोडून दिलं असतं. तू वेडी नव्हतीस.

त्याच सुमारास माझं बघायला लागले होते. घरात दुखणं आहे म्हटलं की आलेलं स्थळ उंबऱ्यावरून मागे फिरतं, हे तुझं पक्कं मत. आईला असलं काही आहे तर उद्या मुलीलाही होईल, असं लोक म्हणणार. म्हणून गप्प. माझ्या हळदीला धवलारीण लग्नाची गाणी गात होती आणि तू एकाच हाताने हळद लावत होतीस, दुसरा पदराखाली. मी विचारलं तर म्हणालीस, "खांदा धरलाय." दिवाळीला माहेरी आले तेव्हा तुझ्या चोळीवर डाग दिसला. पुढे मुंबई, आणि डॉक्टर बाबांवर खेकसले, इतके दिवस झोपला होतात का? बाबांना तरी कुठे माहीत होतं. तूच खाटेवरून म्हणालीस, "पोरीचं लगीन हुतं." माझ्या नावावर टाकून मोकळी झालीस! मी मागितलं होतं का असलं लग्न? शिमग्याच्या आधी तू गेलीस. मेल्या पुढे कित्येक वर्षं जगला, म्हातारा होऊन, दात पडून.

माझ्या सासूला मी एकदा विचारलं, आईचं दुखणं तेव्हा कळलं असतं तर काय केलं असतंत? ती म्हणाली, "अगो, सांगितलं असतं तर आमी काय परत गेलो असतो?" हे ऐकून मी तुझ्यावर आणखीनच चिडले. तेव्हाच ठरवलं की मी असलं काही करायचं नाही.

गेल्या साली माझ्या मुलीला जासईचं स्थळ आलं. मुलगा गोदीत कामाला, माणसं चांगली. आणि नेमकी त्याच आठवड्यात मला गाठ लागली. तुझी होती त्याच जागी. मी लगेच डॉक्टर गाठला आणि पाहुणे आले तेव्हा चहाचे कप हातात देता देता सरळ सांगितलं, मला गाठ आहे, ती कापायला मुंबईला जायचंय, तुमच्यापासून लपवायचं नाही. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली. चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती, आये.

मुलीला तो मुलगा आवडला होता. ती आत उशीत तोंड खुपसून रडत होती आणि मी चुलीपाशी उभी राहून तुला शिव्या घालत होते, कारण तू खरी निघालीस. माझी गाठ कापली, मी आहे. मुलीचंही होईल कुठेतरी. मी केलं तेच बरोबर, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगते आणि पुढेही सांगेन. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून फक्त तुला सांगते. ती रडत होती तेव्हा घडीभर मलाही वाटलं, तिचं लग्न होईपर्यंत गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं.