मोटरीचा कोळसा बसेपर्यंत

माय,

"नव्या आसाले पह्यले तेल पाजा लागते, मंग त्याच्याकून काम घ्या लागते," असं तू म्हणाली होतीस. बाबांच्या टेबलापाशी उभी राहून, पदराला बोटं पुसत. तुझ्या माहेरी बैलगाड्या होत्या आणि नवी गाडी पहिल्यांदा जुंपायच्या आधी आसाला तेल द्यायचा मान घरातल्या लेकीचा असे, हे तू मला किती वेळा सांगितलं होतंस. त्या दिवशी तू तोच मान एका बोटभर मोटरीला दिलास. आज सकाळपासून ते वाक्य माझ्या मागे लागलं आहे, म्हणून लिहायला बसले.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. अनसिंगच्या आपल्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि मधल्या दाराआड तुझी चूल. मी प्राथमिक शाळेत होते. शिरपूरहून बाबांचे एक शाळासोबती एक मोटारगाडी घेऊन आले होते, त्यांच्या मेहुण्यानं बोटीवरच्या नोकरीतून लेकरांसाठी आणलेली. तिला वायर नव्हती. हातातल्या डबीची कांडी वर ओढायची, कळ दाबायची, की गाडी हवेतून हुकूम ऐकायची. निदान आधी ऐकायची; आता तिची मोटर जळली होती. बाबांनी त्याच मापाची नवी मोटर हैदराबादहून मागवली. ती आली तेव्हा मला वाटलं, बसवतील आणि गाडी पळेल. बाबा म्हणाले, "गोऱ्ह्याले पह्यल्याच दिवशी भरल्या गाडीले जुपतेत का?"

मग त्यांनी मोटर मोकळीच टेबलावर चिकटवली आणि तिला एकच सेल जोडला. तू तूर पाखडायचं सोडून सूप घेऊनच दारात आलीस. बाबा मूडमध्ये होते. त्यांनी तुला जुनी जळकी मोटर उघडून दाखवली. आत कोळशाचे दोन इवलेसे तुकडे, दोन्हीकडून फिरत्या तांब्याला टेकलेले. नवे असतात तेव्हा ते सपाट असतात आणि तांबं गोल, त्यामुळे नुसत्या एका रेघेत टेकतात. एकदम जोरात पळवलं की तिथेच ठिणग्या उडतात. हळूहळू, ओझं न देता फिरवलं की कोळसा झिजत झिजत तांब्याचा आकार घेतो. "मंग मोटर जनमभर कुरकुर नाही करत," बाबा म्हणाले. तू म्हणालीस, "बायकोवानी." बाबा इतके हसले की समोरचा पानवाला डोकावून गेला.

त्यांना गिऱ्हाईक आलं की मोटरीवर लक्ष तुझं. तू सूप टेबलाशेजारी आणलंस, तूर पाखडत राहिलीस आणि कान तिकडे. मला सगळा आवाज सारखाच वाटायचा. तू मात्र मध्येच हात थांबवून म्हणालीस, "अवो, ऐका. आता रडून नाही राह्यली ते." बाबांनी कान लावला. खरखर खरंच गेली होती. "कान तर लई तयार हाये तुहा," ते म्हणाले, "रेडिओचं काम शिकतं का?" तू "हट" म्हणालीस, पण तुझा चेहरा मी बघत होते, माय. तसा तो मी आधी पाहिला नव्हता. त्यानंतर तू विचारत सुटलीस. हे तांबडं काय, ते कायले लावलं, डबीतला हुकूम भिंतीच्या पलीकडे जाते का. आणि बाबा सांगत होते. चूल विझत आली होती आणि कुणालाच त्याचं काही नव्हतं.

दुपारी बाबा पार्सल आणायला एसटी स्टँडवर गेले. जाताना सेल काढून ठेवला होता. थांबलेली मोटर बघून तुला वाटलं असावं की आता तिला पुढच्या कामासाठी तयार करायचं. तू जवसाच्या तेलात काडी बुडवून एक थेंब मोटरीच्या फटीतून आतल्या तांब्यावर सोडलास. माहेरचं वाक्य बोललीस. मी टाळीसुद्धा वाजवली.

बाबा आले ते शिरपूरच्या मित्राला सोबत घेऊनच. मोटर गाडीत बसवली, सगळे सेल घातले, कळ दाबली. चर्रकन ठिणगी, धूर आणि जळक्या तेलाचा वास. मित्रासमोर बाबांचा चेहरा उतरला. "कोणं हात लावला याले?" तू दारातूनच म्हणालीस, "म्या थोडं तेल देल्लं." "तेल! कोळशाले तेल लागलं की जळतेच ते! हे का तुह्या बापाची बैलगाडी हाये? तुले काय समजते यातलं? चुलीपाशी राह्य तू."

तू चुलीपाशी गेलीस. बस, एवढंच झालं. बाबांनी मोटर उघडून कापसानं, पेट्रोलनं पुसली, पुन्हा एका सेलवर फिरवली, आणि दिवस मावळायच्या आत ती गाडी अंगणात कोंबड्यांच्या मागे पळत होती. नुकसान काहीच झालं नाही. मित्र खूश होऊन बसनं गेला. बाबांनी हाक मारली, "अवं, ये, ऐक बरं, कशी फिरून राह्यली." तू आतून म्हणालीस, "तुमचं तुमाले कळते."

आवाजात राग नव्हता. कधीच नव्हता, हेच तर अवघड झालं. त्यांना चहा दिलास, जेवायला वाढलंस, हसलीससुद्धा. पण टेबलापाशी पुन्हा आली नाहीस. बाबांनी तुझ्यासाठी चुलीच्या खोलीत रेडिओ लावून दिला. तो खरखरला तर तू ते येईपर्यंत खरखर ऐकत बसायचीस, पण बटणाला हात लावायची नाहीस. टॉर्चमधला सेल बदलायलाही त्यांनाच थांबायचीस. बाबा कितीदा म्हणाले, "अवं, तुले येते ते." तू म्हणायचीस, "मले काय समजते." तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आणि तोवर घरात कुणी त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

आता बाबा माझ्याकडे असतात. ऐंशी ओलांडली, कान जवळजवळ गेले आहेत. माझ्या लेकीनं साठवलेल्या पैशातून रिमोटची गाडी घेतली, तिची नवी मोटर आज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कमी विजेवर फिरते आहे. आजोबांनीच तसं सांगितलं. ते शेजारी बसले होते, कान मोटरीला जवळजवळ टेकवून. मग मान हलवली. "मले नाही येत ऐकू. तुही माय असती तर तिनं सांगतलं असतं." मग मोटरीकडे बघतच म्हणाले, "तिले राग आला होता का वं? त्या तेलाचा?"

मी म्हटलं, "नाही बाबा. ती कवाच विसरली होती." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, त्यांना हे उत्तर नको होतं. माफी मागायला समोर राग तरी लागतो. तू तो कधी दिलाच नाहीस त्यांना. इतकी वर्षं ते बंद दारापुढे उभे आहेत, आणि दार बंद आहे हेही तू कबूल केलं नाहीस.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, त्यांनाही वाचून दाखवणार नाही. आणि खरं सांगायचं तर मी कुणाच्या बाजूनं लिहिते आहे, हे मलाच धड कळत नाही. पण एक मागते, माय. एकदा त्यांच्यावर रागाव. स्वप्नात ये, दुपारी डुलकी लागते त्यांना, तेव्हा ये, आणि मनात होतं ते सगळं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोल. मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, "काहीतरीच तुहं. मी कायले रागावू?"